दुःखाच्या काळानंतर वजनाचं ऑपरेशन: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे, जळगावात बसते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी पेशंटची तयारी करून घेणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या मागे काहीतरी घडलेलं असतं: कोणाचा नवरा गेला, कोणाचा घटस्फोट झाला, कोणी आईचं आजारपण वर्षानुवर्षं काढलं, कोणाची कपाशी सलग दोन हंगाम बुडाली. त्यांचे प्रश्न इतर पेशंटपेक्षा जरा वेगळे असतात. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, भुसावळ, सगळीकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या तब्येतीचा निर्णय मात्र तुमची फाईल बघणारा डॉक्टरच देईल.

दुःखामुळे वजन वाढतं, हे खरं की बहाणा?

खरं आहे. झोप मोडली की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं, आणि अशा वेळी शरीर गोड-तेलकटच मागतं. त्यात आपल्याकडची रीत बघा. घरात मौत झाली की तेरा दिवस आणि पुढेही महिनाभर लोक भेटायला येतात, आणि प्रत्येकाबरोबर कपभर चहा होतो. एका कपात दोन चमचे साखर धरली तर आठ कपांत सुमारे ऐंशी ग्रॅम साखर पोटात जाते, तीही जेवण धड नसताना. बाई घराबाहेर पडत नाही, शेतात जात नाही. रात्री सगळे झोपल्यावर डब्यातली शेव, बिबडे, शिळी पोळी असं काहीबाही खाल्लं जातं आणि सकाळी आठवतही नाही.

काही औषधांनीही वजन वाढतं. झोपेसाठी किंवा उदासीसाठी दिलेल्या मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन यांचा तो माहीत असलेला परिणाम आहे. तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका, चिठ्ठी घेऊन या.

ऑपरेशनला मी बसते का, हे कसं कळेल?

किलोतलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. येतो तो बीएमआय. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल तर साधारण ३७.५ येतो. २०२२ मध्ये दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी मिळून नवी शिफारस केली: बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवता येतं, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासूनच विचार करायला त्यांनी सांगितलं आहे.

पण सर्जनचा आकडा वेगळा आणि विमा कंपनीचा वेगळा. ते पुढे पैशांच्या प्रश्नात येईल.

माणूस गेल्यानंतर किती दिवस थांबायचं? वर्षश्राद्ध होऊ द्यायचं का?

कॅलेंडरवरचा नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. ज्यांना मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास गंभीर आहे, त्यांनी उगाच रेंगाळू नये. बाकीच्यांना मी पहिले काही महिने थांबायलाच सांगते. दुःख संपावं म्हणून नव्हे, ते संपायची वाट पाहिली तर कोणाचंच ऑपरेशन होणार नाही. थांबायचं ते घडी बसावी म्हणून.

घडी बसली का, हे मी अगदी साध्या गोष्टींवरून ओळखते. रात्री निदान पाच-सहा तास झोप लागते का? दिवसातून तीनदा ताटावर बसून जेवण होतं का, की उभ्याउभ्या तोंडात टाकलं जातं? वारस नोंद, सातबारा, बँकेचं खातं, विम्याचा दावा ही कामं मार्गी लागली का? ही कामं अर्धवट असताना बाई ऑपरेशनच्या पलंगावरूनही तलाठ्याला फोन करत असते. आणि मुख्य म्हणजे, दोन आठवडे सांगितलेला आहार पाळून दाखवता येतो का? तो जमला तर पुढचं जमतं, असा माझा अनुभव.

तारीख घेताना गेलेल्या माणसाची तिथी, त्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस यांच्या आसपासचे दिवस टाळा. ऑपरेशननंतरचे पहिले तीन-चार आठवडे तसेही मन हळवं असतं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे कशाला पाठवता? मी काय वेडी आहे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, पुरुष जरा रागात. ही तपासणी सगळ्यांचीच होते, ज्यांच्या आयुष्यात काहीही वाईट घडलेलं नाही त्यांचीसुद्धा. नापास करण्यासाठी ती नसते. खाणं तुमच्यासाठी कशाचं काम करतं, हे त्यांना समजून घ्यायचं असतं. रडू येण्याऐवजी खाता का? एका बैठकीत थांबताच येत नाही इतकं खाणं होतं का? दारू किती? जगणं नकोसं वाटतं का?

ऑपरेशननंतर पोट लहान होतं, दुःख तेवढंच राहतं. आजवर ज्या खाण्याने ते दाबलं, ते खाणं आता शक्य नसतं. मग काहींचं मन दारूकडे वळतं. या ऑपरेशनचा एक प्रकार म्हणजे पोटाचा बायपास, त्यानंतर तर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते, आणि दारूचं व्यसन वाढण्याचा धोका दुसऱ्या वर्षापासून दिसतो, हे अभ्यासांतून आलेलं आहे. स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही या ऑपरेशननंतर काहीसं वाढलेलं आढळतं. म्हणून तिथे खोटं बोलू नका. ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सुटलात तर फसवणूक तुमचीच.

उदासी निघाली म्हणून ऑपरेशन रद्द होत नाही. बहुतेक वेळा आधी उपचार, मग तारीख, एवढंच होतं. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवा आणि तो फोन आजच करा.

उदासीच्या गोळ्या चालू आहेत. ऑपरेशनआधी बंद करू?

नाही. बायपासनंतर काही औषधं, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, नीट शोषल्या जात नाहीत, त्यामुळे प्रकार किंवा मात्रा बदलावी लागते. लिथियम घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं, वजन आणि पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ आणि सर्जन यांचं एकमेकांशी बोलणं झालं पाहिजे. ते होतंय का, हे तुम्हीच विचारायचं.

घटस्फोटानंतर घरचे म्हणतात, ऑपरेशन कर म्हणजे दुसरं जमेल. काय करू?

करू नका. निदान त्या कारणासाठी तरी करू नका.

गुडघे, शुगर, पाळी, दम, स्वतःचं हिंडणं-फिरणं ही कारणं आहेत. कुणा अनोळखी पाहुण्यांना मुलगी पसंत पडावी, हे कारण नाही. संमतीपत्रावर सही तुमची असते आणि आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या गिळायच्या असतात त्याही तुम्हालाच. आई-वडील सोबत आले की मी मुलीशी दहा मिनिटं एकटीशी बोलते. भाऊ-वहिनींना राग येतो, येऊ द्या.

आणखी एक. ऑपरेशननंतर वजन झपाट्याने उतरतं त्या काळात, म्हणजे पहिले बारा ते अठरा महिने, गरोदरपण टाळायचं असतं. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता उलट वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. लग्नाची घाई करणाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

स्लीव्ह आणि बायपास यात फरक काय?

दोन्ही दुर्बिणीतून होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि नळीसारखं अरुंद पोट उरतं, ते परत पूर्ववत करता येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आधीच छातीत खूप जळजळ होत असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते. मधुमेह जुना असेल तर सर्जन अनेकदा बायपासकडे झुकतात. दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण पाव हिश्शापासून तीस टक्क्यांपर्यंत घट धरून चालायचं. शेजारणीची जाऊ ‘अर्धी झाली’ असं ऐकून येऊ नका.

धोका किती?

मृत्यूचा धोका अनुभवी हातात कमी असतो, पित्ताशयाच्या ऑपरेशनशी तुलना करतात इतका. पण तो शून्य नाही. टाक्यांच्या ओळीतून गळती, रक्तस्राव आणि पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, हे तीन मोठे धोके. पुढे पित्ताचे खडे, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांची कमतरता आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं. केस बहुतेकांचे परत येतात. सैल झालेली कातडी मात्र राहते.

कोणत्या तपासण्या लागतात?

शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, थायरॉईड, लिव्हर, किडनी, बी-१२, डी, लोह, ईसीजी, इको, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, बहुतेक ठिकाणी एंडोस्कोपी. इतकं सगळीकडे सारखंच. आपल्या भागासाठी त्यात दोन गोष्टी मी जोडते.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा आणि शिरपूर-चोपड्याचा सातपुड्याकडचा पट्टा, इथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. घरात कोणाला असेल, किंवा तुमची तपासणी कधीच झाली नसेल, तर भूल देण्याआधी ती करून घ्या. सिकलसेलच्या पेशंटला ऑपरेशनच्या वेळी पाणी, ऑक्सिजन किंवा अंगाची ऊब कमी पडली तर गंभीर त्रास होऊ शकतो. भूलतज्ज्ञाला माहीत असेल तर तो त्याची आधीच तजवीज करतो.

दुसरी, घोरणं. झोपेत श्वास अडकतो का, हे डॉक्टर विचारतात, आणि त्याचं उत्तर एरवी नवरा किंवा बायको देते. एकट्या राहणाऱ्या, विधवा किंवा विधुर माणसाला ते सांगणारं कोणीच नसतं. ‘मला काही त्रास नाही’ म्हणून तपासणी टळते आणि भूल दिल्यावर अडचण येते. उशाशी मोबाईल ठेवून दोन रात्री आवाज रेकॉर्ड करा, नाहीतर बहिणीला दोन दिवस मुक्कामी बोलवा. दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागत असेल तर तेही सांगा.

तंबाखू, गुटखा, मशेरी?

बंद, कमीत कमी सहा आठवडे आधीपासून. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणणारे भाऊ गालात तंबाखू धरूनच बोलत असतात. निकोटिन कोणत्याही वाटेने गेलं तरी जखम भरायला अडथळाच, आणि बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचं ते मोठं कारण. बायांनो, मशेरीही यातच आली. दुःखाच्या काळात लागलेली सवय सोडणं जड जातं हे मान्य, त्यासाठी मदत मागा, गोळ्याही मिळतात. लपवू मात्र नका.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे उपाशी ठेवतात का?

उपाशी नाही, पण कमी आणि बेतशीर: साधारण ८०० ते १००० कॅलरी, पिष्ट पदार्थ कमी, प्रथिनं पुरेशी. कारण लिव्हर. चरबीने सुजलेल्या लिव्हरचा डावा भाग जठरावर आडवा येतो, सर्जनला जागाच मिळत नाही. दोन आठवड्यांत तो बराच आक्रसतो.

आपल्या स्वयंपाकघरातून ते बसवता येतं. उडदाचं किंवा मुगाचं घट्ट वरण, वरून तेलाची फोडणी न ओतता. बामणोदच्या वांग्याचं भरीत, पण तेल एक चमचा आणि शेंगदाणे मोजून. ताक, पनीर, खात असाल तर अंडी. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर अर्धी. शेवभाजी, वरण-बट्टी आणि केळी या काळात नाहीत. रावेर-यावलच्या लोकांना केळं सोडायला सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, तरी दोनच आठवड्यांचा प्रश्न आहे.

मधुमेहाच्या गोळ्या या आहारात बदलाव्या लागतात, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवतात. त्या कधी थांबवायच्या, हे लेखी घ्या.

इंजेक्शनं आली आहेत ना आता? मग कापायचं कशाला?

मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली आणि ती काम करतात. ऑपरेशनला मन तयार नसेल, किंवा घडी बसायला अजून वेळ हवा असेल, तर तो चांगला मधला मार्ग आहे. पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणून खर्चाचा हिशेब एका महिन्याचा नव्हे, काही वर्षांचा करा. इंजेक्शन चालू असताना ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला नक्की सांगा, पोट रिकामं व्हायला या औषधाने वेळ लागतो.

पैशाचं कसं करायचं? शेत गहाण ठेवू का?

नका ठेवू. सावकाराकडून तर मुळीच घेऊ नका. कर्जाच्या ताणातून ज्या माणसाचं वजन वाढलं, त्याने वजनासाठी आणखी कर्ज काढावं, हे मला पटत नाही.

आधी मेडिक्लेम बघा. विमा नियामकाच्या प्रमाणित नियमानुसार वजनाच्या ऑपरेशनचा दावा धरण्यासाठी वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा जास्त लागतो. ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयाच्या स्नायूंचा लठ्ठपणामुळे झालेला आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी एक, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावे लागतात. म्हणजे मघाच्या ३७.५ वाल्या ताईंना सर्जन हो म्हणेल, पण कंपनी झोपेच्या तपासणीचा किंवा शुगरचा कागद मागेल. जुन्या डाएटच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी फेकू नका, त्याच पुरावा ठरतात. पॉलिसीला प्रतीक्षा काळ आहे का, हेही बघा. नवऱ्याच्या नोकरीतून मिळालेली पॉलिसी त्याच्या पश्चात चालू आहे की नाही, हे फार जण तपासतच नाहीत.

रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात स्टेपलर (जठर कापून टाके घालणारं यंत्र) धरला आहे का ते विचारा, मोठा खर्च त्याचाच असतो. शिवाय सोबतच्या माणसाचा मुक्काम, बुडालेली मजुरी, प्रोटीन पावडर, आणि गोळ्या व वार्षिक तपासण्या आयुष्यभर. सरकारी योजनेत काय बसतं, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. चौकशीला पैसे लागत नाहीत.

नाशिक, पुणे, मुंबई की सुरत? कुठे जाऊ?

जिथे परत परत जाल तिथे. पहिल्या आठवड्यात, मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी दाखवावं लागतं. नंदुरबारकरांना सुरतची गाडी सोयीची, तर त्यांनी सुरतच धरावं. परतीच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने उतरून चाला, पायात गाठ होऊ नये म्हणून.

आणि जाण्याआधीच जळगाव, धुळे किंवा तुमच्या तालुक्यातल्या एका सर्जनला फाईलची प्रत देऊन ठेवा. ताप, नाडी १२० च्या वर, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, एकाच पायाला सूज, न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या तर बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होतो.

ऑपरेशन कोणत्या महिन्यात करावं?

निवड हातात असेल तर एप्रिल-मे सोडून. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि ऑपरेशननंतर पाणी घोटघोटच पिता येतं, गटागटा नाही. अशात अंगातलं पाणी कमी होऊन सलाईन लावायला परत यावं लागतं. कपाशी वेचणीच्या दिवसांतही नको, चार ते सहा आठवडे वाकून काम आणि वजन उचलणं बंद असतं. पाण्याचा हंडासुद्धा. नळ आठवड्यातून एकदा येत असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं पाणी कोण भरणार, हे आधी ठरवा.

चालायला सांगतात, पण दुखवट्यात बाई फिरायला निघाली की गाव बोलतं.

बोलतं, खरंच. त्यावर उपदेश करून उपयोग नाही. पहाटे शेतापर्यंत जा, गच्चीवर फेऱ्या मारा, डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणून चिठ्ठी दाखवा. जळगाव शहरात असाल तर मेहरूण तलावाकाठी तुम्हाला कोणी ओळखतही नाही. सुरुवात दहा मिनिटं, अर्ध्या तासापर्यंत न्या. भूलतज्ज्ञ देतो ते तीन छोट्या चेंडूंचं, श्वास आत ओढायचं यंत्रही आधीपासून वापरा.

गावात, नात्यात सांगायचं का?

सगळ्यांना नाही. एकाला मात्र पूर्ण सांगा: रुग्णालयात सोबत थांबेल, रात्री दोनला गाडी काढेल, असा माणूस. बहीण, मैत्रीण, मोठे दीर, कोणीही. तो माणूस नसेल तर मी तारीख पुढे ढकलायला सांगते.

घरच्या म्हातारीला समजावणं वेगळं काम. चार चमचे वरण बघून ती म्हणणार, ‘इतलं खाईसन कशी जगशी व माय?’ तिला आधीच माझ्याकडे घेऊन या. आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडंच खायला सांगितलंय’ एवढं पुरे. त्यात खोटं काहीच नाही.

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे-आमरस, कानबाईच्या सणाचे रोट कायमचे बंद?

पहिले सहा-आठ आठवडे आधी पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ असं खाणं चढत जातं. त्यानंतर रोटाचा घास प्रसाद म्हणून चालतो. आमरसाची मात्र वाटी नको. तो लहान पोटातूनही सरसर उतरतो, म्हणून वजन परत चढवणाऱ्यांत तो वरच्या नंबरावर आहे, आणि बायपासवाल्यांना घाम, धडधड, जुलाब होतात. रोजचा नियम असा: आधी प्रथिनं, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, घास चावून चावून. कडक उपास पहिलं वर्ष तरी नकोत, साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

पहिल्या भेटीला काय आणू?

चालू गोळ्यांची पाकिटं, काढे-पावडरी घेत असाल तर त्यांचे डबेही. जुने रिपोर्ट, पॉलिसीची प्रत, आधार कार्ड. मागच्या सात दिवसांत काय, किती वाजता आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्लं, याची वही, रात्रीच्या डब्यातल्या शेवेसकट. सोबतचा तो एक माणूस. उपाशी पोटी यायची गरज नाही, रक्त दुसऱ्या दिवशी घेतात.